रुग्णशय्येजवळची नोंद

रोग्याच्या उशाशी रात्र जागून काढणारे कोणी ना कोणी प्रत्येक काळात आणि प्रत्येक घरात असतेच. परंतु त्या जागरणातून काही ज्ञान निष्पन्न होते, ते लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे असते आणि लिहून ठेवल्यास पुढच्या रोग्याच्या उपयोगी पडते, ही जाणीव जगाला फार उशिरा झाली, आणि झाल्यावरही ती सर्वत्र सारखी रुजली नाही. परिचर्येचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा करुणेचा आणि त्यागाचा इतिहास असतो, आणि तेवढ्यापुरता तो खराही आहे. मात्र त्या करुणेच्या प्रभेत एक गोष्ट झाकली जाते, ती ही की परिचर्या ही निरीक्षणाची, मोजमापाची आणि नोंदीची विद्या आहे, व रुग्णशय्येजवळच्या नोंदीला ज्या दिवशी कोणी साक्षेपी वाचक मिळाला त्या दिवसापासून तिला शास्त्राची प्रतिष्ठा येऊ लागली. मुंबई इलाख्यात या विद्येचा प्रवेश कसा झाला, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि वाटेत तिचे काय राहून गेले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या बाबतीत दृष्टी दाखविली होती, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. यांतल्या प्रत्येक पादाचे चार चार गुण दिलेले असून परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार असावेत, असे म्हटले आहे. या क्रमात ज्ञान पहिले आणि अनुराग तिसरा आहे, याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कारण पुढच्या शतकांत आपल्या समाजाने हा क्रम नेमका उलटा केला. माया आहे ना, मग झाले, अशी समजूत घराघरांत दृढ झाली. परिचारकाचे म्हणून निराळे शिक्षण असते ही कल्पना लुप्त झाली. आणि एकोणिसाव्या शतकात जेव्हा सरकारी इस्पितळे उभी राहिली, १८४३ साली मुंबईत जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून रुग्णालयाची पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये त्याला लागून ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा तेथे डॉक्टर तयार करण्याची व्यवस्था झाली, पण रोग्याजवळ चोवीस तास असणारे माणूस तयार करण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. ते काम वॉर्डबॉय आणि आया यांच्यावर सोपविले गेले, आणि त्यांना कोणी काही शिकविले नाही.

युरोपातही याहून फार निराळे चित्र नव्हते. तेथे परिवर्तन घडविले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी, आणि त्यांची जी दिवा हाती घेतलेली मूर्ती आपल्या पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोचली आहे तिने त्यांच्या खऱ्या कर्तृत्वावर थोडा अन्यायच केला आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात अडतीस परिचारिका बरोबर घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. त्या हिवाळ्यात तेथे मृत्यूचे थैमान चालू होते. १८५५ च्या फेब्रुवारीत दर शंभर रोग्यांमागे बेचाळीस दगावत होते. मार्चमध्ये विलायतेहून आरोग्य आयोग आला, त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, पाण्याची व्यवस्था सुधारली, आणि जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा दोनावर उतरले. युद्ध संपून मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने नाइटिंगेलबाईंनी इस्पितळांचे दप्तर तपासावयास घेतले तेव्हा त्यांच्यापुढे जे सत्य उभे राहिले ते भीषण होते : सैनिक गोळ्यांनी थोडे आणि ज्वर, अतिसार, पटकी यांनी अनेक पटींनी अधिक मेले होते, आणि त्यातही त्यांचे स्वतःचे स्कुटारी हे मृत्यूच्या बाबतीत इतर इस्पितळांच्या पुढे होते. रात्ररात्र जागून जे डोळ्यांना दिसले नव्हते ते आकड्यांच्या तक्त्यांत दिसले. त्या तक्त्यांतून त्यांनी ते प्रसिद्ध वर्तुळाकार आलेख काढले. वर्षाचे बारा महिने बारा पाकळ्यांसारखे मांडलेले, टाळता येण्याजोग्या रोगांनी आलेले मरण निळ्या रंगात, जखमांनी आलेले तांबड्या, आणि इतर कारणांचे काळ्या रंगात. आकडेवारी वाचण्याचा कंटाळा असलेल्या मंत्र्यालाही निळ्या रंगाचा विस्तार पाहून निरुत्तर व्हावे लागे. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले; त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. १८६० मध्ये सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची परिचर्याशाळा निघाली, आणि त्याच वर्षी भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे सर्व इस्पितळांनी आपल्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात अशी त्यांची योजना मांडली गेली. शाळा सर्वांना ठाऊक झाली, नोंदींचा नमुना विस्मृतीत गेला. वास्तविक ही दोन्ही एकाच बुद्धीची अपत्ये होती.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध येथूनच सुरू होतो. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. स्त्रीला आयोगाचे सभासदत्व मिळण्याची तो काळ कल्पनाही करू शकत नव्हता. पण आयोगाचे काम चालले ते त्यांच्याच प्रश्नावलीवर. प्रत्येक छावणीला छापील प्रश्न गेले : पाणी कोठून येते, गटारांची वाट कोठे लागते, एका बराकीत किती खाटा आहेत, दारू किती मिळते, सैनिकाने दिवसभर काय करावे अशी अपेक्षा आहे. छावण्याछावण्यांतून उत्तरांचे गठ्ठे लंडनला येऊन पडले, आणि आजाराने बिछान्याला खिळलेल्या त्या बाईंनी ते आद्यंत वाचले. निष्कर्ष असा निघाला की १८१७ पासूनच्या काळात या फौजेचे वार्षिक मृत्युप्रमाण दर हजारी ६९ होते, म्हणजे दर वीस महिन्यांनी प्रत्येक पलटणीतली एक कंपनी रोगाच्या मुखी पडत होती. १८६३ मध्ये आयोगाचा अहवाल निघाला. पुढच्या वर्षी बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. आणि १८७३ साली त्यांनी स्वतः दिलेल्या हिशेबाप्रमाणे ते प्रमाण १८ वर आले होते. याचे सारे श्रेय एका व्यक्तीला देणे बरोबर होणार नाही. परंतु जिने या देशाचा किनारा कधी पाहिला नाही अशा एका परिचारिकेने केवळ योग्य प्रश्न विचारून आणि आलेली उत्तरे नीट वाचून एका खंडप्राय देशातल्या छावण्यांचे आरोग्य बदलण्यास हातभार लावला, ही गोष्ट संशोधन म्हणजे काय हे समजण्यास पुरेशी आहे.

फौजेपासून आरंभ झालेली त्यांची जिज्ञासा पुढे रयतेकडे वळली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळला तेव्हा त्यांनी हिंदी रयतेच्या दैन्यावर इंग्लंडातल्या नियतकालिकात लिहिले. कालवे, सारा, सावकारी यांवर त्यांचे टिपण चालूच असे. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर पत्रव्यवहार होता. दयाराम गिडुमल यांनी बेहरामजी मलबारींचे चरित्र लिहिले आणि ते १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची होती. हे दोन गृहस्थ, मलबारी आणि गिडुमल, पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

तत्पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत डोकावणे अगत्याचे आहे, कारण आपल्याकडे स्त्रियांच्या परिचर्येचा प्रश्न तेथूनच उपस्थित झाला. घरातली सर्वांत अंधारी खोली, दारे-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांची धुरी कोंडलेली, आणि सोयराच्या दिवसांत तिला शिवावयास कोणी तयार नाही म्हणून गावकुसाकडून बोलावून आणलेली सुईण. नाळ कापावयास घरातले जे पाते हाती येई ते. मग आठवड्याच्या आत मूल आखडू लागले, त्याचे दूध सुटले, की घराने नशिबाला बोल लावावा. तो धनुर्वात त्या पात्यावरून आला, हे कोणी सांगितले नाही. असे असूनही सुईणीला केवळ अज्ञानाची मूर्ती ठरविणे अन्यायाचे होईल. पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू, हे ओळखण्याची तिची हातोटी पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवाने कमावलेली होती; फक्त तो अनुभव तिच्याबरोबर जळत गेला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ सुईणींच्या शिक्षणासाठी निधी उभारला व वर्ग निघाले, पण त्या वर्गांत सुईणीला शिकविण्याचीच तेवढी तजवीज होती, तिचे म्हणणे ऐकून उतरून घेण्याची नव्हती.

येथे विलायतेतली एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नाइटिंगेल निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुईणकाम शिकविण्यासाठी एक प्रसूतिकक्ष चालविला जात होता. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या. संस्था स्वतःची, हेतू उदात्त, शिकणाऱ्या मुली हुशार. तरीही आकडे पाहून १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. एवढ्यावर न थांबता नाइटिंगेलबाईंनी निरनिराळ्या प्रसूतिगृहांतील आणि घरी झालेल्या बाळंतपणांतील मृत्यूंचे आकडे जमविले, आणि सुसज्ज प्रसूतिगृहापेक्षा साध्या घरात बाळंतीण अधिक सुरक्षित राहते असा त्या काळच्या वैद्यकाला न रुचणारा निष्कर्ष १८७१ च्या आपल्या ग्रंथात निर्भयपणे मांडला. स्वतः उभे केलेले काम आकड्यांच्या साक्षीवरून मोडण्याचे हे धैर्य मला त्यांच्या साऱ्या चरित्रात सर्वांत थोर वाटते.

मुंबईत शिक्षित परिचर्येची सुरुवात झाली ती १८८० नंतरच्या दशकात. ऑल सेंट्स या इंग्रज धर्मसंघाच्या भगिनी शहरातल्या इस्पितळांत काम करीत होत्या. पण त्या परक्या देशाच्या आणि परक्या धर्माच्या. देशी स्त्रीला देशी स्त्रीकडून वैद्यकीय मदत मिळावी यासाठी सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्याने निधी जमविला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इमारतीसाठी मोठी देणगी दिली. १८८३ मध्ये कोनशिला बसून १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. त्याची धुरा एडिथ पेची या डॉक्टरीणबाईंकडे होती. एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकू द्यावे म्हणून ज्या सात तरुणींनी झुंज दिली त्यांपैकी त्या एक. पुरुषांबरोबर समान वेतनाचा आग्रह धरणाऱ्या या बाईंनी रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाचे वर्ग चालू केले, कारण चांगली शस्त्रक्रिया करून रोगी अडाणी हाती सोपविणे म्हणजे केलेले काम रात्रीतून पुसू देणे, हे त्या जाणून होत्या. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाल्यावर या चळवळीला राजाश्रयही लाभला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळातल्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली, आणि कामावर रुजू होण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने केलेला शोक आजही ताजा आहे. १८९१ साली परिचर्येच्या शिक्षणासाठी मुंबईत दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांना पहिली भारतीय परिचारिका म्हणून इतिहासाने एक ओळ दिली, आणि तो पुढे निघून गेला. डॉक्टरीण होणाऱ्या मुलीला समाजाने निदान विरोध तरी केला. परिचारिका होणाऱ्या मुलीकडे त्याने पाहिलेच नाही. हीन समजल्या गेलेल्या कामाला विरोध कशाला करावयाचा?

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि काही महिन्यांत मुंबई अर्धी ओस पडली. आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारतात, अशी आवई उठून ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा करून गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती घेतली. पुण्यात त्या जुलमाचा शेवट कसा झाला ते सर्वश्रुत आहे. लोकांचा राग तपासणीवर होता, पण त्याखाली भीती होती ती परक्याच्या हाती मरण येण्याची. म्हणूनच निरनिराळ्या जातींनी आणि पंथांनी मुंबईत आपापली प्लेग-इस्पितळे उभारली, व पुण्यात टिळकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदू प्लेग-इस्पितळ काढले, तेव्हा लोक आपण होऊन रोगी आणू लागले. प्लेगच्या रोग्याची परिचर्या हे किती बिकट काम होते याची आज कल्पना येत नाही. जांघेत किंवा काखेत गाठ, अंगात वणवा, वाताच्या भरात रोगी उठून पळू पाहणार; आणि त्याला उठू दिले तर हृदय बंद पडून तो जागच्या जागी कोसळणार. ताप उतरू लागल्यावरसुद्धा, अगदी पाणी पिण्यासाठीही, त्याला बसते न करणे, हे त्या रोगातले मोठे पथ्य. ते पाळले जाई ते उशाशी बसलेल्या माणसाच्या दक्षतेने. लस टोचणाऱ्याचे किंवा औषध देणाऱ्याचे त्यात काही चालत नसे. पुण्याबाहेर माळावर डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना घातला होता. तेथे सावित्रीबाई रोगी आणीत, त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, आणि तोच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांना कोणत्याही परिचर्याशाळेचे प्रमाणपत्र नव्हते; शिक्षिका म्हणून ज्यांनी या प्रांतात स्त्रियांसाठी पहिली वाट पाडली, त्यांचे शेवटचे काम परिचारिकेचे होते.

आता मलबारी आणि गिडुमल यांच्याकडे वळू. १९०८ साली या दोघांच्या मनात देशी स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देणारी संस्था काढावी असे आले, आणि मार्गदर्शनासाठी ते रमाबाई रानडे यांच्याकडे गेले. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जाऊन सात वर्षे झाली होती. रमाबाई पुण्यात राहून तुरुंगातल्या स्त्रियांना भेटत, इस्पितळातल्या रोग्यांसाठी फळे-फुले घेऊन जात. मुंबईत सेवासदन निघाले, आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या सहकार्याने रमाबाईंनी पुण्याला त्याची स्थापना केली. थोड्याच काळात तेथल्या विद्यार्थिनी ससून इस्पितळात परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण घेऊ लागल्या.

हे लिहिणे आज सोपे आहे. १९१० च्या आसपासच्या पुण्यात ब्राह्मणाच्या विधवेने गणवेश घालून सरकारी इस्पितळात जावे, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढावे, परपुरुषाच्या अंगाला हात लावावा, आणि रात्रपाळी करून पहाटे परत यावे, यातली एकेक गोष्ट बहिष्काराला पुरेशी होती. रमाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मुलींसाठी वसतिगृह केले, देखरेखीचा असा बंदोबस्त ठेवला की निंदकाला बोट ठेवावयास जागा राहू नये, आणि रानड्यांच्या घराण्याची सारी प्रतिष्ठा या कामाच्या पाठीशी उभी केली. आपल्याकडे पुष्कळ सुधारकांनी वृत्तपत्रांतून लढाया जिंकल्या; रमाबाईंनी जी लढाई जिंकली ती प्रत्येक मुलीच्या सासर-माहेरच्या माजघरात जाऊन, तिच्या दिराची आणि आईची समजूत घालून जिंकावी लागत होती. या कामाचे मोल आपण अजून केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मिरजेला डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये काढलेल्या मिशन इस्पितळासारख्या ठिकाणी ख्रिस्ती मुली परिचर्या शिकत होत्याच; पण उच्चवर्णीय हिंदू घरांचा दरवाजा उघडला तो सेवासदनाने.

वॉर्डात या मुली शिकल्या काय? झाडणे, पुसणे, बिछाना बदलणे, जखम धुणे, हे तर आलेच. परंतु नव्या परिचर्येचे खरे चिन्ह होते ते पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये सहा इंची तापमापक बनविला. त्याआधीचे यंत्र फूटभर लांब असे आणि त्याचा पारा स्थिरावयाला वीस मिनिटे लागत, आता पाच मिनिटांत काम होऊ लागले. यामुळे ताप मोजणे हे प्रयोगशाळेचे काम न राहता परिचारिकेचे झाले. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास. रेघ चढली की उतरली. विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात ताप एकाएकी उतरून नाडी धावू लागली तर आतडे फुटले किंवा आत रक्तस्राव झाला असे समजून डॉक्टरला झोपेतून उठवावयाचे. मराठी चौथी-पाचवी शिकून आलेली मुलगी कंदिलाच्या उजेडात हा आलेख काढीत होती. म्हणजे संशोधनाची पहिली पायरी, नियमित व अचूक निरीक्षण, ती रोज चढत होती. दुसरी पायरी, त्या निरीक्षणांतून प्रश्न काढण्याची, तिच्यासाठी नव्हती. तक्ता भरला की तो डॉक्टरकडे जाई, डॉक्टरच्या टिपणात मिसळून जाई, रोगी घरी गेल्यावर दप्तरात जाई, आणि काही वर्षांनी वाळवीच्या तोंडी. स्कुटारीच्या दप्तराला जो वाचक भेटला तो ससूनच्या किंवा जे. जे. च्या दप्तराला भेटला नाही.

संघटना आणि कायदे यांचा तपशील थोडक्यात आटोपता येईल. १९०८ मध्ये देशातल्या शिक्षित परिचारिकांची संघटना झाली, १९०९ मध्ये मुंबई इलाख्याची परिचर्या संस्था निघाली, १९१० मध्ये परिचारिकांचे पहिले नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले, १९३५ मध्ये मुंबई सरकारने परिचारिका, सुईणी आणि आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि १९४७ मध्ये अखिल भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. परीक्षा, नोंदणी, सनद, सर्व यथास्थित झाले. पण १९४६ साली भोर समितीने सादर केलेला अहवाल वाचला की मन विषण्ण होते. तीस कोटींच्या देशात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक. सुईणकाम शिकलेली स्त्री ६०,००० लोकांमागे एक. सर्वत्र डॉक्टर अधिक आणि परिचारिका कमी, हे उलटे प्रमाण आपल्या आरोग्यव्यवस्थेचा स्थायी भाव होऊन बसले होते. समितीने परिचर्येच्या शिक्षणाला विद्यापीठाचा दर्जा असावा असे सुचविले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले, आणि १९५९ मध्ये दिल्लीला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. पदव्युत्तर म्हटले की प्रबंध आला, आणि प्रबंध म्हटला की परिचारिकेने स्वतःचा प्रश्न विचारणे आले.

असा प्रश्न कसा असतो, याचे एक उदाहरण सविस्तर देतो. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या रोग्याला माकडहाडापाशी, टाचेला, खुब्यावर शय्याव्रण होतात. प्रथम कातडी लाल होते, मग काळसर, मग जखम हाडापर्यंत जाते. ते होऊ नयेत म्हणून पाठीला स्पिरिट चोळावे आणि पावडर लावावी, हे प्रत्येक शाळेत शिकविले जात होते, आणि व्रण झाला की परिचारिकेने हयगय केली असा ठपका तिच्यावर येत होता. डोरीन नॉर्टन या लंडनमधील परिचारिकेने वृद्धांच्या वॉर्डात बसून याचाच अभ्यास केला आणि १९६२ मध्ये सहकाऱ्यांसह तो प्रसिद्ध केला. रोग्याची शारीरिक स्थिती, मनाची जाग, चालणेफिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना गुण द्यावे. बेरीज जितकी कमी तितका व्रणाचा धोका अधिक. चोळावयाच्या द्रव्यांनी विशेष फरक पडत नाही. अंगावरचा दाब नियमाने हलविणे, ठरलेल्या वेळी कुशी बदलणे, यानेच व्रण टळतो. या शोधाला ना सूक्ष्मदर्शक लागला ना औषध. लागली ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या कृतीला कशावरून, असे विचारण्याची अनुज्ञा आणि उत्तर मिळेपर्यंत नोंद ठेवण्याची चिकाटी. आपल्याकडच्या वॉर्डांत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा यांना रजा मिळाली नाही.

१९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. ज्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये हे विद्यापीठ स्थापिले ते दोनच वर्षांपूर्वी शंभरी ओलांडून निवर्तले होते. हिंगण्याला मूठभर विधवांना शिकविण्यापासून आरंभ झालेल्या त्या खटाटोपातून परिचारिकेला विद्यापीठाची पदवी मिळाली. आज या पदवीच्या अभ्यासक्रमात शरीरशास्त्राबरोबर संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे विषय असतात, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थिनी वॉर्डातला एखादा प्रश्न घेऊन लहानसा अभ्यास करतात : नवजात बालकाच्या नाळेला काही लावावे की ती कोरडी ठेवावी, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रोग्याला काय सांगितले तर त्याचे भय उतरते, मधुमेहाच्या रोग्याला पायांची निगा कशी शिकवावी. प्रश्न उत्तम असतात. त्यांची उत्तरे बहुधा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधीव प्रतींच्या रूपाने राहतात, आणि ज्या वॉर्डात ती लागू करावयाची तेथे रात्रपाळीची एकच परिचारिका इतके पलंग सांभाळीत असते की प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलण्यास तिचे दोन हात पुरत नाहीत.